पाच, दोन, एक: ताकद देवाची, ठेव देवाची, मग मर्जी कुणाची?

रविवारची_शाळा
मंडळीच्या तरुण संघासाठी चार रविवारांचा अभ्यास बसवायचा आहे. वय १८ ते २५, दर वेळी पाऊण तास. विषय: देवाने दिलेली दानं, आयुष्याचा हेतू आणि माणसाचं इच्छास्वातंत्र्य. मुख्य उतारा मत्तय २५:१४–३०, परदेशी जाणारा धनी आणि त्याचे तीन दास. धनी एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक तालांत सोपवतो. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात, तिसरा आपला जमिनीत पुरतो, आणि परत आलेला धनी त्याला बाहेरच्या अंधारात टाकतो.

नेहमीचा साचा सगळ्यांना पाठ आहे: "तुला गाण्याचं टॅलेंट आहे, ते पुरू नकोस, क्वायरमध्ये ये." तो पाच मिनिटांत संपतो. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो: देवानेच एकाला कमी दिलं, त्याच्याच्याने कमी झालं, तर त्याला बाहेरच्या अंधारात टाकण्यात न्याय कुठला? "देवाच्या योजना अगाध आहेत" हे उत्तर देऊन सुटका करून घ्यायची नाही. जाणकारांनी मजकूर, मतभेद आणि प्रत्यक्ष वर्ग घेण्याची पद्धत, तिन्हींवर लिहावं.

अक्षरगणित
सुरुवात वजनापासून करा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

'तालांतोन' हे ग्रीक वजन आहे, आणि त्या वजनाची चांदी म्हणजे पैशाचं मोठं एकक. एका तालांतात ६० मिना, एका मिनात १०० द्राख्मा. द्राख्मा आणि रोमी दिनार व्यवहारात बरोबरीचे धरले जात, म्हणून एक तालांत म्हणजे ६,००० दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०:२) मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार आहे. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर एक तालांत ही २० वर्षांची मजुरी झाली. आजचा रोज ५०० रुपये धरा: तिसऱ्या दासाच्या हाती ३० लाख, पहिल्याच्या हाती दीड कोटी. 'बिचाऱ्याला एकच मिळालं' हे वाक्य इथे बाद होतं.

बायबल सोसायटीच्या जुन्या मराठी भाषांतरात 'पाच हजार रुपये, दोन हजार, एक हजार' असं आहे. त्या काळी ते आकडे भारदस्त वाटले असतील. आजच्या पोराला एक हजार म्हणजे मोबाइलचे दोन-तीन रिचार्ज. त्यामुळे आकडा समजावून दिल्याशिवाय उतारा वाचायला देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. पंधराव्या ओवीत धनी 'ज्याच्या-त्याच्या योग्यतेप्रमाणे' देतो. मुळात शब्द आहे 'दुनामिस', म्हणजे क्षमता, ताकद. म्हणजे क्षमता आधीपासून आहे, आणि ती पाहून ठेव सोपवली जाते. तालांत ही क्षमता नव्हेच! इंग्रजीत 'टॅलेंट' या शब्दाला 'अंगची हुशारी' हा अर्थ मध्ययुगाच्या अखेरीस याच दाखल्याच्या प्रवचनांतून चिकटला, आणि आपण तो अर्थ उलटा नेऊन दाखल्यावर बसवतो. गाता येणं ही दुनामिस. रविवारी सकाळी तुमच्यासमोर बसलेली शंभर माणसं, हातातला माइक, अर्ध्या तासाचा त्यांचा वेळ, हा तालांत.

पंचगंगा
अक्षरगणित यांच्याशी सहमत, पण त्यामुळे मागच्या बाकाचा प्रश्न मिटत नाही, फक्त एक पायरी मागे सरकतो. दुनामिस तरी कुणी दिली? १ करिंथ ४:७ मध्ये पौल थेट विचारतो की तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ आहे काय. चर्चचा आद्य धर्मशास्त्री ऑगस्टीन याचं मत याच ओवीने फिरवलं. साधारण ३९६-९७ मध्ये सिम्प्लिकियानुसला उत्तर लिहिताना तो इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडायला बसला होता. नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की त्या वादात शेवटी देवाची कृपाच जिंकली. पुढे, माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो म्हणणाऱ्या पेलागियसशी झालेला सगळा झगडा याच पायावर उभा आहे.

रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेचं म्हणणं लोक समजतात तितकं यांत्रिक नाही. तिच्या वेस्टमिन्स्टर श्रद्धाकबुलीच्या तिसऱ्या प्रकरणात देवाने सर्व काही ठरवलं आहे असं म्हटल्याबरोबर पुढे जोडलंय की त्यामुळे निर्माण केलेल्या जिवांच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही आणि दुय्यम कारणांचं स्वातंत्र्य काढून घेतलं जात नाही, उलट ते पक्कं होतं. दास आपल्या मनासारखंच वागला. प्रश्न एवढाच की त्याचं मन तसं का होतं.

इंद्रायणीकाठ
ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला वाचक. मग हे प्रारब्धच झालं ना? 'ज्याच्या-त्याच्या योग्यतेप्रमाणे' आणि 'ज्याचं त्याचं प्रारब्ध' यांत फरक काय?

सोपारे_बंदर
इंद्रायणीकाठ, प्रश्न नेमका आहे. फरक हिशेबाच्या दिशेत आहे. प्रारब्ध म्हणजे मागच्या कर्माचं फळ, मिळालेलं ते कमावलेलं. दाखल्यात वाटपाच्या आधी दासांनी काय केलं याचा उल्लेखच नाही, हिशेब पुढच्या वागण्याचा. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. जन्मतः मिळालेलं किंवा न मिळालेलं, त्यावरून मागचा निवाडा काढायचा नाही.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद १९३६ मध्ये हाच दाखला घेऊन म्हटलंय की दानं सारखी वाटलेली नाहीत. १९३७ मध्ये कारण येतं: प्रत्येकाला दुसऱ्याकडून घ्यावं लागावं म्हणून. तिथे सिएनाच्या कॅथरीनचा आधार आहे. विषमता ही देवघेवीसाठी आहे, दर्जा लावण्यासाठी नव्हे.

पण मला खरी अडचण दुसरीकडे वाटते. त्याच ग्रंथाचा परिच्छेद १७३५ म्हणतो की अज्ञान, जबरदस्ती, भीती, सवय अशा कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होते, कधी पुसलीही जाते. आणि तिसरा दास पंचविसाव्या ओवीत म्हणतो काय? 'मी भ्यालो.' मग त्याला सवलत का नाही?

गप्प_वाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली). सोपारे_बंदर यांच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबलोय.

अक्षरगणित
उत्तर मजकुरातच आहे. धनी त्याच्याशी त्याच्याच शब्दांत हिशेब करतो. लूक १९:२२ मध्ये तर उघड म्हटलंय की तुझ्याच तोंडच्या शब्दांवरून तुझा न्याय करतो. तर्क असा: मी कडक आहे, पेरलं नाही तिथे कापतो, असं तू खरंच मानत होतास ना? मग भ्यालेला माणूस निदान सावकाराच्या पेढीवर पैसे ठेवतो, म्हणजे व्याज तरी दाखवता येतं. त्याची भीती आणि त्याचं वागणं जुळत नाही. म्हणून धनी त्याला भित्रा म्हणत नाही, 'आळशी' म्हणतो. ग्रीक शब्द 'ओक्नेरोस': कचरणारा, चालढकल करणारा.

त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पुरणं हा मूर्खपणा नव्हता. तालमूद या यहूदी धर्मचर्चेच्या ग्रंथात (बाबा मेत्सिया ४२अ) श्मुएल या रब्बीचं मत आहे की पैशाची राखण जमिनीतच होते. ही नोंद मत्तयानंतरची आहे, पण ठेव पुरून ठेवणारा कायद्याने सुटतो ही समजूत त्या समाजात मुरलेली दिसते. म्हणजे त्याने असा मार्ग निवडला जिथे तोटा झाला तरी त्याच्यावर काही येणार नव्हतं. निवड त्याने केली, पण स्वतःला निवडीतून वगळण्याची.

वर्गात दाखवायला एक हिशेब. अ‍ॅटिक तालांत सुमारे २६ किलो. चांदीची घनता १०.५, म्हणजे भरीव लगड अडीच लिटरची. नाणी असतील तर मधल्या पोकळीमुळे चार-साडेचार लिटर. एका कळशीत मावतं. खड्डा खणायला किती वेळ लागला असेल? अर्धा तास. 'बऱ्याच काळानंतर' धनी परत येतो, आणि वीस वर्षांच्या मजुरीवर या माणसाची एकूण मेहनत अर्धा तास.

पंचगंगा
हे आवडलं. एक भर: पंधराव्या-सोळाव्या ओवीच्या सांध्यावर 'लगेच' हा शब्द आहे. जुन्या छापील ग्रीक पाठात तो धन्याला जोडला जाई, धनी लगेच निघून गेला. आजच्या संपादित आवृत्त्या तो पहिल्या दासाला जोडतात, त्याने लगेच जाऊन व्यापार केला. विरामचिन्ह कुठे पडतं एवढाच फरक, पण स्वातंत्र्यावर बोलायला फार कामाचा. धनी समोर उभा नाही, सूचना दिलेल्या नाहीत, पैसा हातात आहे. दाखल्यातलं स्वातंत्र्य म्हणजे ही धन्याची गैरहजेरी.

वेस्लीवाचक
पंचगंगा, 'दास आपल्या मनासारखंच वागला' हे तुमचं वाक्य मला पुरत नाही. मन बदलण्याची शक्यताच नव्हती तर 'मनासारखं' याला अर्थ काय उरतो? कॅल्विनपंथीयांशी मतभेद झालेला डच धर्मशास्त्री आर्मिनियस, त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, त्यातलं चौथं हेच की कृपेशिवाय काहीच चांगलं होत नाही, पण कृपा अडवता येते. रिफॉर्म्ड चर्चच्या डॉर्ट इथल्या सभेने (१६१८-१९) ती फेटाळली. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली, त्याने पुढे 'पूर्वगामी कृपे'वर भर दिला: माणूस मुळात बिघडलेला आहे हे कॅल्विनइतकंच मान्य, पण देव प्रत्येकाला आधीच इतकी कृपा देतो की होकार किंवा नकार देता यावा. ते स्वातंत्र्य आपल्या मालकीचं नाही, दिलेलं आहे. दाखल्याच्या भाषेत बोलायचं तर स्वातंत्र्य हाच पहिला तालांत.

सोपारे_बंदर
कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या सभेच्या सहाव्या सत्रातलं (१५४७) चौथं कलम याच्या फार जवळ आहे: देवाने हलवलेली इच्छा संमती देऊन सहकार्य करते, आणि तिला वाटल्यास नकारही देता येतो. मात्र पहिलं पाऊल देवाचंच, हे ५२९ च्या ओरांजच्या सभेने आधीच ठरवलं होतं. 'कॅथलिक म्हणजे कर्माने तारण' असा समज घेऊन कोणी आलं तर ही दोन सालं पुढे करा.

पंचगंगा
वेस्लीवाचक, इथे आपण चारशे वर्षं अडकून आहोत, या धाग्यावर सुटायचं नाही :) वर्गासाठी एवढं सांगता येईल. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरा एकाच छपराखाली आल्या. म्हणजे आपल्याकडच्या कित्येक मंडळ्यांत एकाच बाकावर डॉर्ट आणि वेस्ली शेजारी बसलेले असतात, बाकाला पत्ता नसतो. पोरांना दोन्ही बाजू सांगा. 'बायबल म्हणतं' म्हणून एकच सांगितलीत तर घरी आजोबा दुसरी सांगणार.

पेटीमास्तर
कौशल्य देवाचं दान आहे का, यावर तुम्ही मत्तयातच घुटमळताय. निर्गम ३१ उघडा. पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्याने 'भरलेला' म्हणून नावानिशी सांगितलेला पहिला माणूस संदेष्टा नाही, राजाही नाही. तो कारागीर आहे: यहूदा वंशातला बसालेल. जोडीला दान वंशातला अहलियाब. सोनं, चांदी, पितळ, रत्नांचं कोंदण, लाकडाचं कोरीव काम. निर्गम ३५:३४ मध्ये आणखी एक दान आहे, दुसऱ्याला शिकवण्याचं. ते बहुतेक उपदेशक गाळतात.

अक्षरगणित यांच्या वजनालाही इथे जोड मिळते. निर्गम ३८:२५-२६ मध्ये ६,०३,५५० पुरुषांनी अर्धा-अर्धा शेकेल दिला, एकूण १०० किक्कार १,७७५ शेकेल. गणित सोडवा, एक किक्कार ३,००० शेकेलचा निघतो, सुमारे ३४ किलो. हिब्रू किक्कार म्हणजेच ग्रीक भाषांतरातलं तालांतोन, वजन थोडं वेगळं असलं तरी. आणि निवासमंडपातला (उपासनेच्या तंबूतला) दीपवृक्ष किती सोन्याचा? एक किक्कार (निर्गम २५:३९). एकाच गोळ्यातून ठोकून घडवलेला, सहा शाखा, शाखेला तीन आणि मधल्या दांड्याला चार मिळून बदामाच्या फुलासारख्या २२ वाट्या. तेच एकक एकाने कळशीत घालून पुरलं आणि एकाने त्याचा दिवा केला. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा, मग पोरांना फार समजवावं लागत नाही.

मराठीतली उदाहरणं हवीतच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. कविता ते आधीपासून लिहीत होते, म्हणजे दुनामिस होतीच. पुढे त्यांनी अभंग आणि भजनाचा घाट ख्रिस्ती उपासनेत आणला, आणि 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक आजही त्यांच्या गीतांवर उभं आहे. ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. बाईंचं रीतसर शिक्षण काय होतं, हे आठवून ते वाचावं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं, आणि छापखान्याचं काम तिथल्याच बायका शिकल्या. बसालेलच्या 'शिकवण्याच्या' दानाचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

रविवारची_शाळा
सगळ्यांचे आभार. दीपवृक्ष दुसऱ्या रविवारी नक्की. आता व्यवहाराचं: तिसऱ्या रविवारी 'कृपादान ओळखा' छापाची प्रश्नावली वाटावी का? तयार मिळते, साठ-सत्तर वाक्यं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण.

चौथा_बाक
वाटू नका. वाटायचीच तर शेवटी वाटा.

ती काय मोजते ते पाहा. 'मला लोकांना धीर द्यायला आवडतं: ० ते ३.' हे आवड मोजतं, दान मोजत नाही. धीर मिळाला की नाही हे समोरचा सांगणार! लाजरी पोरं सगळीकडे एक लिहितात, बोलघेवडी तीन. निकालात 'नेतृत्व' वर येतं ते बहुधा ज्यांना आधीच माइक मिळालाय त्यांचं. आणि एकदा 'तुझं दान आदरातिथ्य' असा शिक्का बसला की मुलगी दहा वर्षं चहाच करते.

दुसरी चूक यादीची. रोम १२:६-८ मध्ये सात कृपादानं, १ करिंथ १२:८-१० मध्ये नऊ, इफिस ४:११ मध्ये माणसांच्याच भूमिका. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण पौल तक्ता भरत नव्हता, त्या-त्या मंडळीला उदाहरणं देत होता. तिन्हींची बेरीज करून 'एकूण इतकी दानं' म्हणणारा छापील कागद दिसला की खुशाल बाजूला ठेवा. कसोटी १ करिंथ १२:७ ची: सर्वांच्या हितासाठी. म्हणून सुरुवात गरजेपासून करावी.

मंडळीत सध्या अडलेली दहा-बारा कामं फळ्यावर लिहा, खरीखुरी: घरी पडून असलेल्या तीन म्हाताऱ्यांना आठवड्याला एक भेट, संडे स्कूलच्या सात वर्षांखालच्या वर्गाला दुसरी शिक्षिका, हिशेबाच्या वह्या, साउंडच्या वायरी. प्रत्येकाने एक काम तीन महिन्यांसाठी घ्यावं, शेवटची तारीख आधी ठरवून. तारीख नसली की माणूस अडकतो, आणि पुढच्या वेळी कुणी हात वर करत नाही. सोबत दोन जण फक्त बघायला: काम झालं का, आणि ज्यांच्यासाठी झालं त्यांना बरं वाटलं का. तीन महिन्यांनी तिघांनी बसून बोलायचं. नाही जमलं तर सोडायचं, अपराधीपणा नको. दाखल्यात व्यापार करून तोटा आलेला दास नाही, हे खरं. पण धन्याचा राग पैसे पडून राहिल्याबद्दल आहे, बुडाल्याबद्दल नाही.

इंद्रायणीकाठ
आणि ज्याच्याकडे काहीच नाही? अंथरुणाला खिळलेला?

चौथा_बाक
दाखल्यात शून्य मिळालेला दास नाही. करिंथच्या पत्रात पौल म्हणतो की शरीराचे दुबळे वाटणारे अवयवच आवश्यक आहेत (१२:२२). अशा माणसाला 'तुझं टॅलेंट शोध' म्हणणं क्रूरपणा आहे. तो मंडळीची परीक्षा आहे, मंडळी त्याची नव्हे. याहून जास्त मी बोलणार नाही.

सोपारे_बंदर
'हेतू'साठी दोन गोष्टी. यिर्मया २९:११ कॅलेंडरवर असतंच, तुमच्याविषयी माझ्या योजना हिताच्या आहेत म्हणून. पोरं त्यात स्वतःचं अ‍ॅडमिशन वाचतात. त्यांना आधीच्या ओव्या वाचायला लावा. ते पत्र बाबेलच्या बंदिवानांना आहे, 'तुम्ही' अनेकवचनी आहे, दहाव्या ओवीत मुदत ७० वर्षांची आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती फळाला आलेली पाहणारच नव्हते. तोवर करायचं काय, ते पाचव्या ते सातव्या ओवीत: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या नगराचं कल्याण पाहा. हेतू म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरी, निर्णय घेण्याची रीत, जेसुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस याची. त्याचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ मध्ये पोपने मान्य केलं. दोन चांगल्या गोष्टींतून निवड करायची असेल तेव्हाच ही रीत वापरायची. पाप की पुण्य, यासाठी नव्हे. मन शांत असताना बसा. हे केल्याने फायदे-तोटे, न केल्याने फायदे-तोटे, असे चार रकाने भरा. मग तीन कल्पना: कधी न भेटलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या घटकेला काय निवडलं असतं तर बरं वाटेल? न्यायाच्या दिवशी? तिन्हींचं उत्तर एक आलं तर निर्णय करून प्रार्थनेत देवापुढे ठेवा. आणि मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा नियम ठळक लिहा. परीक्षेच्या निकालानंतरच्या आठवड्यात पोरं नेमकं तेच करतात.

गप्प_वाचक
एक विरोधी वाचन राहिलं. काही आधुनिक अभ्यासक तिसऱ्या दासालाच नायक मानतात: पैसा दुप्पट करणं म्हणजे शेतकऱ्यांना पिळणं, आणि व्याजाची बंदी तर निर्गम २२:२५ मध्येच आहे, त्याने फक्त त्यात सामील व्हायला नकार दिला. जुना चर्च-इतिहासकार युसेबियस याने नोंदवलेल्या एका यहूदी-ख्रिस्ती शुभवर्तमानात तर कैद होते ती बदफैलीवर पैसे उडवणाऱ्या दासाला, लपवणाऱ्याची फक्त कानउघाडणी. मला मत्तयाचा रोख तसा वाटत नाही, पण मागच्या बाकाला हे माहीत असू शकतं.

अक्षरगणित
चांगली आठवण. लूकही शेजारी ठेवा (१९:११-२७): तिथे दहा जणांना प्रत्येकी एकच मोहर, म्हणजे मिना, १०० दिवसांची मजुरी. देणं सारखं, बक्षीस वेगळं, एकाला दहा नगरं, एकाला पाच. मत्तयात देणं वेगळं आणि शाबासकी तंतोतंत सारखी. २१वी आणि २३वी ओवी शब्दाशब्दाला ताडून पाहा. पाचवाल्याला दोनवाल्यापेक्षा एक शब्द जास्त नाही, आणि शंभर वर्षांच्या मजुरीला तिथे म्हटलंय 'थोडक्या गोष्टी'.

रविवारची_शाळा
ठरलं. पहिल्या रविवारी तांदळाची २५ किलोची गोणी आणि वर किलोभर मीठ, प्रत्येकाने उचलून बघायचं. शेजारी रिकामी कळशी. जुनं भाषांतर आणि फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' दोन्ही देते, 'हजार रुपये' खोडून प्रत्येकाने स्वतः आकडा लिहायचा. गोणी उचलताना कंबर धरली तर जबाबदार कोण, यावर वेगळा धागा काढू.

पंचगंगा
मीठ ऐनवेळी आणा, पावसाळ्यात पाणी सुटतं. गोणी गुडघे वाकवून उचलायला सांगा.